पूजाच्या लग्नात मी मावशी होते

मंगल, मी आपलं गाव, कान्हे, सोडलं त्या सकाळी तू शाळेत होतीस. तुझ्या या थोरल्या बहिणीला निरोप द्यायला फक्त आई आली होती, माझ्या पूजाला कडेवर घेऊन. लोणावळ्याची लोकल आली तशी म्हणाली, "चढ आता. मागं बघू नगंस, पोर रडंल." मी बघितलं नाही. पूजा रडलीही नाही. अडीच वर्षांच्या पोरीला आई बाजाराला निघाली असंच वाटलं असणार.

नवरा वारल्यावर सासरच्यांनी आम्हा दोघींना बाहेर काढलं होतं, आणि दादाच्या घरात आम्ही जड झालो होतो. लोणावळ्यात पर्यटकांना भाड्यानं देतात त्या एका बंगल्यावर स्वयंपाकाचं काम मिळालं. पहिले काही महिने मी खरंच भाकऱ्या थापत होते, चादरी धूत होते.

एका रविवारी दुपारी मॅनेजर म्हणाला, "वरच्या पाहुण्यांना चहा देऊन ये." मी खोलीत गेले आणि मागून दार लागलं. खाली आले तेव्हा तो एवढंच बोलला, "कुणाला सांगितलंस तर तुझ्याच गावात तुझं तोंड काळं होईल."

दुसऱ्या दिवशी मी घरी आले. तुला वाटलं, सुट्टी मिळाली. सगळं सांगायचं म्हणून आईजवळ चुलीपाशी बसले. ती खुशीत होती. "पूजीला बालवाडीत घातलंय. दादाबी आता काय बोलत न्हाई. तुजं काम लागलं ते लय बरं झालं बग." सांगायचं ते तसंच ठेवून मी चुलीत लाकूड सारलं. मी परत गेले. त्यानंतर मला कुणी ढकललं नाही, मंगल. पुढं त्या खोल्यांत मी माझ्याच पायांनी गेले.

बंगले बदलले, लॉज बदलले. तिथं मला सोनिया म्हणायचे. पुढं पुढं कुणी कुसुम या माझ्या खऱ्या नावानं हाक मारली तरी मी वळून बघेनाशी झाले. गर्भाशय काढावं लागलं. गोळीशिवाय झोप येत नाही, आणि दार लावल्याचा आवाज झाला की अजून अंग आखडतं.

मग गावातल्या कुणीतरी मला लॉजवर पाहिलं. दादाचा फोन आला, "पूजाला सांगितलंय, तुजी आई वारली. हिकडं येऊ नगंस." आईनं त्याच्या हातातून फोन घेतला. तिचा श्वास तेवढा ऐकू आला. पुढं आई गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं, तेही तुझ्याकडून.

आता मी देहूरोडला एका मेसमध्ये पोळ्या करते. तळेगावला पूजाच्या लग्नाला तू मला बोलावलंस, दादाच्या नकळत. टेबलावर हार घातलेला माझा फोटो होता, विशीतला, भरल्या गालांचा. त्याच्या शेजारी मी वाळलेली उभी होते आणि कुणी ओळखलं नाही, दादानंही. "या माझ्या ओळखीतल्या मावशी," तू म्हणालीस. पूजा वाकली, पायाला हात लावला. "मावशी, जेवल्याशिवाय जाऊ नका हं." मला नीट आशीर्वादही देता आला नाही.

परवा तू म्हणालीस, आता तिला खरं सांगू या. नको. रोज सकाळी ती सासरी भिंतीवर लावलेल्या त्या फोटोला हात जोडून कामाला जाते, हे तूच सांगितलंस. कान्ह्याचं दार मला बंद आहे, देहूरोडची खोली भाड्याची. पूजाच्या भिंतीवर मला तेवढी जागा मिळाली आहे. तिथून मला उतरवू नकोस.