आगेऱ्याआधीचं उधाण

विळीसमोर बसून बिट्रिसने अर्धेच बोंबील साफ केले होते. उरलेले परातीत तसेच पडलेले. मागच्या चाळीच्या गच्चीवर कुणीतरी पानात खीर-वडे ठेवून "काव, काव" करत कावळ्यांना हाका मारत होतं.

"आज सर्वपित्री वाटतं," खाटेवरून डॉमनिक म्हणाला. "कावळ्यांची चंगळ आहे."

सर्वपित्री म्हणजे अमावास्या. अमावास्या म्हणजे खाडीला उधाण. बिट्रिसच्या हातातला बोंबील गळून पडला.

"अवो, उघाडी!"

"काय झालं?"

"सकाळी ओहोटीला उघडलेली, शेतातलं पावसाचं पाणी काढायला. चर्चमध्ये मिसाची घंटा झाली नि मी तशीच पळाले. फळी लावलीच नाही!"

डॉमनिक उठायला गेला आणि गुडघा धरून परत बसला. "भरती चढायला लागली असेल गं. केव्हिनला फोन लाव."

"लेक पुण्यात बसून फळी लावणार?" हात जेमतेम धुऊन, कोयता घेऊन ती निघालीसुद्धा.

तसा बिट्रिसचा पाय घरात कधी ठरलाच नाही. माहेर उत्तनचं, कोळ्यांचं. समुद्रातून मासळी काढायची हे तिला ठाऊक होतं; समुद्रातून जमीन काढतात हे लग्न होऊन ठाण्याला आल्यावर कळलं. डॉमनिकच्या वाडवडिलांनी खाडीच्या चिखलाची ढेकळं रचून बांध घातला होता, कित्येक पावसाळे मातीतलं मीठ धुऊन जाऊ दिलं होतं आणि मग भात पेरलं होतं. पाणी सोडायला बांधात एक उघाडी ठेवली आणि तिला वरून सरकणारी फळी. बांधाच्या एका टोकाला चुना लावलेला क्रूस, दुसऱ्या टोकाला आगरी शेजाऱ्यांचा शेंदूर फासलेला दगड. या दोघांच्या मधून खाडी आत यायची नाही, असं सासू सांगायची. आणि लगेच पुढे म्हणायची, "पन फली आपनच लावायची गो."

डॉमनिक वागळे इस्टेटीत कामाला होता तोवर शेत तिनेच पाहिलं. आजूबाजूच्यांची शेतं बिल्डरांकडे गेली, भराव पडले, टॉवर उठले. हिचा एक पट्टा राहिला. दरवर्षी आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, याच पट्ट्यातली कणसं वेदीवर जायची. ती आशीर्वादित झाल्याशिवाय घरात नवा तांदूळ शिजत नसे. आगेरा पुढच्या रविवारी होता आणि कणसांत दाणा भरत आला होता. खारं पाणी शिरलं की संपलं. केव्हिन म्हणायचा, वसईहून कणसं विकत आणू. ती म्हणायची, "देवाला चालतील रे. पण आपण आभार कशाचे मानायचे?"

शेताची वाट आता टॉवरच्या फाटकातून जायची. रोजचा पोरगा नव्हता, नवाच वॉचमन खुर्चीवर.

"फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नाही रे बाबा, शेत. मागे शेत आहे माझं."

"ॲप में खेत नहीं आता, आंटी. और ये कोयता अंदर नहीं जाएगा."

भिंतीपलीकडे खाडी चढताना तिला दिसत होती. मनातल्या मनात 'नमो मारिया' सुरू झालं, पण पुढच्या ओळी एकमेकींत अडकायला लागल्या. तेवढ्यात तिच्याकडून दर वर्षी बाटली मसाला नेणारी नंदा आठवली. "सातव्या मजल्यावरची नंदा. तिला विचार. सांग, बिट्रिस बुडतेय!"

वॉचमनने इंटरकॉम लावला. नंदा पिठाच्या हातांनी खाली आली. "आंटी, काय घाबरवता! वडे अर्धे तळलेत. पितरांचं पान वाढायचंय."

"पितरांना म्हणावं जरा थांबा. खाडी थांबत नाही."

नंदाने कपाळावर हात मारला, पीठ कपाळाला लागलं, वॉचमनला 'जाने दो' म्हटलं, आणि दोघी कोयत्यासकट धावल्या.

शेतात पाणी आलंच होतं. रोपांच्या मधून मातकट जिभा पुढे सरकत होत्या. बिट्रिस कमरेइतक्या पाण्यात उतरली. फळी खाली जाईना. उघाडीच्या तोंडाशी बाटल्या आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल अडकला होता.

"आमच्याच सोसायटीतला असणार," नंदा ओशाळली.

"कुणाचाही असू दे. ओढ!"

कोयत्याने कापत, हातांनी उपसत तोंड मोकळं झालं. आता फळीवर वरून ठोकायला हवं होतं. नंदा हाताशी आलेला दगड उपटायला वाकली.

"अगं तो नको! तो देव आहे!"

"अय्या!" नंदाने चटकन हात मागे घेतला, शेंदूर लागलेली बोटं पाहिली आणि दगडाला नमस्कार केला. "माफ कर रे बाबा. आंटी, पण तुम्ही तर..."

"मी तर काय? बांध राखतो ना तो आमचा? चल, खांदा लाव."

दोघींनी मिळून फळीवर भार टाकला. ती कुरकुरली, खाली बसली आणि बसता बसता मधोमध तडकली. फटीतून पाण्याची चिळकांडी आली. बिट्रिसने चिखलाचे गोळे भराभर थापले. चिळकांडीचं झिरपणं झालं.

मग ती बांधावर चढून शेताकडे बघत राहिली. खालचा अर्धा पट्टा पाण्यात उभा होता, तो गेला. क्रूसाजवळचा उंच कोपरा मात्र कोरडा होता, तिथली कणसं वाऱ्याने हलत होती.

"पुरतील?" नंदाने विचारलं.

"वेदीला पुरतील. घरच्या हंडीला नाही." तिने क्रूसाची खूण केली. डोळे पुसले की घाम, नंदाला कळलं नाही. "देवाचा वाटा देवाने राखला. माझा माझ्या विसरण्यात गेला."

"बसा आंटी जरा. धाप लागलीय तुम्हाला."

"बसू कुठे? रात्री भरती परत येईल, उद्या आणखी चढेल. ही तडकलेली फळी धरणार आहे होय? जा तू, तुझे पितर खोळंबलेत."

ओलं लुगडं पिळत बिट्रिस फाटकाकडे निघाली. तिला बाजारातल्या सुताराकडून उघाडीसाठी नवी फळी कापून आणायची होती.