राखीव कोण?

अविनाशच्या जागी आता दोन माणसं काम करतात.

परवा डेअरीत दूध घ्यायला गेले होते, तिथे त्याच्या किवीफ्रूट भरायच्या पॅकहाउसमधला सहकारी भेटला. त्यानेच सांगितलं. चांगल्या मनाने म्हणाला की ते काम एकट्याचं नव्हतंच, आम्हाला नंतर कळलं.

मी दूध न घेताच घरी आले.

आज अविनाशला जाऊन वर्ष झालं.

आमच्या टौरंगाच्या घरी येऊन गेलेल्यांना ते गॅरेज आठवत असेल. किवीफ्रूटचे ट्रे, आणि फळ ठेवायच्या प्रत्येक खळग्यात बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक. दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन इन्फन्ट्री डिव्हिजन.

गणपतीत एकाने त्याला चिडवलं होतं, काय, घरी हिटलरची आरती करता का? तो हसला नाही. म्हणाला, "ते हरले ते बरंच झालं. मी फक्त बघतोय, माणसं संपत आली की साहेब लोक काय करतात."

मला यातलं काही कळायचं नाही. पण जेवताना दुसरा विषयच नसायचा, म्हणून मीही डिक्शनरी घेऊन त्याची पुस्तकं वाचायला लागले.

तर ते असं. युद्ध सुरू झालं तेव्हा एका डिव्हिजनमध्ये तीन रेजिमेंट, प्रत्येकीत तीन बटालियन. पुढे रशियात इतकी माणसं गेली की बहुतेक ठिकाणी प्रत्येकीतली एक बटालियन काढूनच टाकली. नऊच्या सहा.

नंबर तोच. नाव तेच. सांभाळायची हद्दही बऱ्याचदा तेवढीच.

शेवटी शेवटी तर माणसं आणखी कमी केली आणि उरलेल्यांच्या हातात भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुका दिल्या.

अविनाश काढलेले सैनिक डब्यात टाकायचा, उरलेले पसरून मांडायचा आणि ट्रे माझ्यापुढे धरायचा. "बघ, लांबून भरलेलाच वाटतो."

मग त्याच्या कामावर रिस्ट्रक्चरिंग झालं. परत एकदा झालं. मेंटेनन्स टीमचं नाव तेच राहिलं. माणसं गेली, नवे टॅबलेट आले.

त्या दिवशी दारात बूट काढता काढता म्हणाला, "वीणा, मी आता फ्युझिलिअर झालो."

मला कळलं. ते प्रकरण मी वाचलेलं होतं. आधी डिव्हिजनची टेहळणी करायला वेगळी तुकडी असायची. नंतर तिच्या जागी फ्युझिलिअर बटालियन आली. तिने टेहळणीही करायची आणि कुठे फळी फुटली की तिकडेही धावायचं. तसंच मशीन कधी तपासायची हे आता अविनाशच ठरवणार होता, आणि बंद पडली की पळणारही तोच.

मी विचारलं, "मग राखीव कोण?"

"राखीव पण मीच."

आम्ही दोघंही हसलो.

आमची ईरा वेलिंग्टनहून फोनवर म्हणायची, "बाबा, जस्ट से नो." तो म्हणायचा, सीझन संपू दे. पुण्याला जायचं दोनदा ठरलं, दोनदा राहिलं. सुट्टी मिळत होती, पण त्याच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं.

त्या रविवारी नाश्त्याला बसलो आणि फोन आला. पॅकिंगची लाइन बंद पडली होती. पोहे अर्धे ठेवून गेला.

लाइन सुरू केली, आणि तिथेच खाली बसला. हार्ट.

कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. लांबच्या, मेलेल्या सैन्यात ज्याला हे सगळं दिसायचं, त्याला स्वतःसाठी एक रविवार मागता आला नाही. तेवढंच मनातून जात नाही.

आज सकाळी गॅरेजमध्ये गेले. फ्युझिलिअर ट्रेच्या अगदी पुढच्या कडेला होते. उचलले, धूळ पुसली, आणि मागच्या रिकाम्या खळग्यात ठेवले.

अविनाश, तुझ्या जागेवर आता दोघं आहेत.

फोन वाजला तरी उठू नकोस.