ऋताच्या मापाचा पट्टा

चेतना, हे वाचून तू म्हणणार, "काकू, लिहायला दुसरं कुणी सापडलं नाही का?" नाही सापडलं. गुमान वाच. चुकलं असेल तर फोन कर.

चेतना सांगलीची. नवरा धैर्यशील रेल्वेत इंजिनिअर, म्हणून बिऱ्हाड लखनौला, महानगर नावाच्या वस्तीत, माझ्या शेजारी. त्यांची ऋता सात वर्षांची असतानाची ही गोष्ट. पोरीच्या दोन्ही किडन्या निम्म्याहून अधिक निकामी झालेल्या. मोठ्या इस्पितळातल्या, मुलांच्याच किडन्या बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचं. बीपी चढू दिलं नाहीत, तर डायलिसिस कितीतरी वर्षं लांबवता येईल."

चेतनाने तेवढं एक धरून ठेवलं. बाईंकडे तीन महिन्यांनी जायचं, मधे दर आठवड्याला घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये बीपी बघायचं. कंपाउंडर दर वेळी म्हणायचा, "एकदम नॉर्मल, भाभीजी." चेतना आकडा कॅलेंडरवर लिहायची आणि निश्चिंत व्हायची.

पण ऋताचं डोकं दुखायला लागलं. शाळेतून आली की दप्तरासकट आडवी. नॉर्मल आहे तर दुखतं कशाने? पाचव्या आठवड्यात चेतनाने आकडा सोडून पोरीच्या हाताकडे बघितलं. मोठ्या माणसाचा पट्टा त्या काडीएवढ्या दंडाला दोन वेढे घेऊन कोपराखाली उतरला होता. डॉक्टरीणबाई तर खणातून चिमुकला पट्टा काढायच्या!

"भैया, छोटा वाला नहीं है?"

"मशीन तो वही है, भाभीजी. बच्ची को क्या फ़र्क पड़ता है?"

ऋता फटकन म्हणाली, "जूते की दुकान में तो सब मेरा साइज़ लाते हैं!"

बाकावरचे पेशंट हसले. चेतना हसली नाही. तडक उठली, तीन दुकानं पालथी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लहान मुलांचा पट्टा घेऊन पुन्हा हजर.

"पहले अपना लगाइए, फिर मेरा."

त्याच्या पट्ट्याने वरचा आकडा एकशे आठ. तिच्या पट्ट्याने एकशे सव्वीस. कंपाउंडरने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. म्हणजे तो ढगळ पट्टा इतके दिवस चढलेलं बीपी लपवत होता.

चेतनाने तिथूनच बाईंना फोन लावला. त्याच दिवशी गोळी वाढली. "पट्टा छोटा चाहिए, ये मैंने बताया नहीं था?" बाईंनी विचारलं. "नहीं," चेतना म्हणाली, "अब सबको बताइए."

त्यानंतर तो पट्टा तिच्या पर्समध्येच राहिला. लग्नाला जावो की सांगलीला. "लोकांच्या बायका दागिने जपतात," धैर्यशील म्हणायचा. "बरोबर आहे," ती म्हणायची, "मीही तेच करतेय."

ऋता आता अकराची आहे. डायलिसिस अजून लागलेलं नाही. आणि तो पट्टा तिच्या दंडाला पुरत नाही, मोठा घ्यावा लागला. त्या दिवशी तू पेढे वाटलेस, लोकांना वाटलं पोरगी पहिली आली.

पण चेतना, त्या वेळी तू एक नाही, दोन पट्टे घेतले होतेस. दुसरा माझ्या हातात दिलास. "काकू, तो कंपाउंडर माझं तोंडही बघायचा नाही. तुम्ही नेऊन द्या. उद्या आणखी कुणाचं पोर येईल."

दहा मिनिटांची वाट. आधी माझा गुडघा, मग पुण्याला भाचीकडे जाणं, मग विसरच पडला. चार वर्षं झाली. पट्टा माझ्या कपाटात आहे, वेष्टनसुद्धा फोडलेलं नाही.