आई देवळात का जात नव्हती

आई गेली. तिला शेवटची आंघोळ घालताना काकीने तिच्या परकरातून कापडाची एक घडी काढून बाजूला ठेवली. मी विचारलं, हे काय?

"वयनी रागावलली नाय गो," काकी म्हणाली. "शिंक इली तरी भिजायची. तशा कपड्यान देवीची ओटी कशी भरतली?"

मी हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिले. कित्येक वर्षं आई जत्रेला देवळाची पायरी चढली नव्हती. ओटीच्या रांगेत मानावरून कुणीतरी तिला मागे सारलं आणि तो राग तिने धरून ठेवला, असं अख्खी वाडी मानत होती. आम्हीही. तिने कधी खुलासा केला नाही. रागीट म्हणवून घेणं तिला खरं सांगण्यापेक्षा सोपं वाटलं असावं.

"मलाही होतं, काकी," मी म्हणाले. "दुसऱ्या बाळंतपणापासून. खोकला आला की लघवी सुटते. याच्यावर उपाय असतात."

"माका पण आसा. पण तू एवढी पुस्तका वाचतंस, मगे तू कित्याक करूक नाय?"

एका घरात आम्ही तिघी होतो आणि तिघी गप्प होतो.

सुतक सरल्यावर आम्ही दोघी कुडाळला डॉक्टरबाईंकडे गेलो. तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं: आधी लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम, नीट शिकून, काही महिने रोज. किंवा योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग, जी काढता येते. त्याने भागलं नाही तर ऑपरेशन. त्यात लघवीच्या मार्गाखाली आधाराला जाळीची पट्टी घालतात. बहुतेकींना गुण येतो, पण एखादीला दुखणं मागे लागतं आणि मग पट्टी काढणं कठीण जातं.

"तुमचं नेमकं कशात अडतंय, त्यावरून ठरवा," त्या म्हणाल्या.

काकीने लगेच ठरवलं. "भातलावणीक वाकाक होया. माका ती रिंगच द्या, बाई."

आईने यातलं काय निवडलं असतं, ते मी शोधत होते. मला ते सांगता येईना. तिच्यापुढे हे पर्याय कुणी ठेवलेच नव्हते.

शेवटी मी व्यायाम निवडले. ऑपरेशनचं नंतर बघू म्हटलं.

आता माझं भिजणं कमी झालंय, थांबलेलं नाही. काकी लावणी करून आली. आई मात्र देवळाची पायरी न चढताच गेली.