माझ्या पोटातलं तिचं लिव्हर

पोटावर गार जेल पडलं की कोणी सांगायच्या आधीच मी अजूनही श्वास रोखतो. बायकोच्या लिव्हरचा तुकडा माझ्या पोटात बसवला, त्या दिवसांत डॉक्टर रोज सकाळी सोनोग्राफीचं मशीन खाटेपाशी आणायचे. नव्या लिव्हरला रक्त पोचतंय का, ते मशीनमधून ऐकू यायचं, सप्-सप्, सप्-सप्. नस बंद पडली तर पुन्हा पोट उघडावं लागेल, हे आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि एका सकाळी आवाजच येईना. डॉक्टरांनी मशीनचा प्रोब बरगडीखाली दाबला, तिरका केला, म्हणाले, "श्वास धरून ठेवा." खोलीत फिनेलचा वास आणि एसीची घरघर, बाकी काही नाही. बायको स्वतःचे टाके सांभाळत शेजारी व्हीलचेअरवर बसली होती. नर्स तिला बाहेर न्यायला लागली, तर म्हणाली, "थांबा हो, माझंच आहे ते!" प्रोब अजून जरासा कलला आणि सप्-सप् सुरू झालं. डॉक्टर हसले, "फ्लो मस्त आहे." मी घामाघूम. ती मात्र शांतपणे म्हणाली, "घाबरतोस काय? लग्न होऊन माहेरच्या कॅम्प चारहून तुमच्या घरी आले, तेव्हा मी तरी पहिले दोन दिवस कुठे बोलले होते?" आता तपासणी घराजवळ बदलापुरातच होते, आवाजही लगेच येतो. बाहेर आलो की ती विचारते, "काय म्हणतंय?" मी म्हणतो, "रुळलं की! आता गप्प बसतंय कुठे?"