घोडेगावच्या बाजारात विकलेली सहा दावी

दानीएल नऊ वर्षांचा असताना त्याला देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. बापानं त्याला नुसतं बसवून ठेवलं नाही. घायपाताच्या पानांचा वाख, म्हणजे धागा, हातात दिला आणि दोर वळायला शिकवलं. चाळिशी उलटेपर्यंत घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात लिंबाखाली त्याची जागा ठरून गेली होती. आंधळ्याचं दावं म्हणून लोक आधी हसले, पुढं तेच दावं मागून नेऊ लागले.

एकाहत्तर सालापर्यंत त्याच्याजवळ आणखी दोघं आली. भीमाचा डावा हात कडबा कापायच्या यंत्रात मनगटापासून गेलेला. उजव्या हातानं तो पीळ द्यायचं चाक फिरवी. चांगुणा बावीस वर्षांची, लहानपणीच्या तापानं दोन्ही पायांनी लुळी, हातांवर सरकत जाणारी. तिचा भाऊ तिला गाडीतून आणून सोडताना म्हणाला होता, "हिला काय जमल आसं वाटत न्हाई. पन घरात बसून रडती." दानीएलनं वर्षभर तिला वाख विंचरायला बसवलं. मग त्या उन्हाळ्यात एके दिवशी तिनं स्वतः वळलेली सहा दावी पहिल्यांदा बाजारात मांडली.

दुपारपर्यंत सहाही गेली. चांगुणा कारण नसताना भीमाशी बडबडत होती.

तेवढ्यात आरडाओरडा करत गहिनीनाथ आला. सकाळी पहिलं दावं त्यानंच नेलं होतं.

"बैल सुटला माझा! मेव्हन्याला आडवा केला, खांदा निखळला त्याचा!" त्यानं तुटलेलं दावं दानीएलच्या अंगावर फेकलं.

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "एक आंधळा, एक थोटा, एक पांगळी. ह्यांचा माल घ्यावाच कशाला?"

दानीएलनं तुटलेलं टोक चाचपलं. पीळ चांगुणाचाच होता, पण कुठं ढिला नव्हता. तिन्ही पेड सारखे बसले होते. मग त्यानं एक पेड उलगडला आणि त्यातले धागे बोटांत धरले. वाळल्या गवतासारखा त्यांचा चुरा झाला. त्यानं तो नाकाजवळ नेला. आंबूस वास आला.

गेल्या पंधरवड्यात बाजार गाठायच्या घाईत त्यानं वाखाची एक मोळी ओलीच ढिगात रचली होती. "दादा, ह्याला वास येतोय," असं चांगुणानं म्हटलंही होतं. "वाळला की जाईल," म्हणून त्यानं ती तिच्याकडं सरकवली होती.

"कुनी वळलं हे?" गहिनीनाथनं दरडावलं.

"म्या," चांगुणा म्हणाली.

दानीएल गप्प राहिला असता तरी कुणाला काही कळलं नसतं. सगळ्यांनी मनातून तिलाच धरलं होतं. तो उभा राहिला.

"वळलं तिनं, पन चूक माझी हाय. वाख कुजका हुता. तिनं सांगितलं, म्या ऐकलं न्हाई. मला नंतर बोलत बसा. ह्याच वाखाची आनखी पाच दावी बाजारात जनावरांच्या गळ्यात हायेत."

गहिनीनाथचा आवाज खाली आला. "कुनी नेली?"

भीमाला एकही तोंड आठवेना. चांगुणानं मात्र डोळे मिटले. ती जमिनीवर बसायची, गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी तिला जनावराचे पाय दिसत. "पांढऱ्या खुरांचा खोंड... एका गाईच्या पुढच्या पायाला काळा दोरा..." ती सांगत गेली. भीमानं चांगली दावी खांद्यावर टाकली आणि गहिनीनाथला घेऊन पळाला.

चार सापडली, ती बदलली. पाचवं होतं एका तांबड्या बैलाच्या गळ्यात. मागच्या पायाला जखम, तिला राख लावलेली. पाण्याच्या हौदापाशी तो गाडीच्या चाकाला बांधला होता आणि मालक चहाला गेला होता. हौदावर बायका पाणी भरत होत्या, लेकरं खेळत होती. बैल फुरफुरत, मान झटकत होता. भीमा धावत परत आला. "दादा, माझ्या एका हातानं गाठ बसायची न्हाई. दुसरं कुनी जवळ जाईना."

दानीएल त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघाला. हौदापाशी बायकांनी लेकरं ओढून घेतली. गहिनीनाथनं नव्या दाव्याचं एक टोक बाभळीच्या बुंध्याला गुंडाळून धरलं, दुसरं टोक घेऊन दानीएल पुढं झाला. "हो... हो राजा," म्हणत त्यानं बैलाच्या पाठीवर हात टेकला, तसाच मानेकडं नेला. जुन्या दाव्याचे दोन पेड गेले होते. तिसरा बोटांखाली करकरत होता. त्यानं नवं दावं मानेखालून घेतलं आणि गाठ मारली. ती आवळतोय तोच बैलानं झटका दिला. जुनं दावं तटकन तुटलं. दानीएल गुडघ्यांवर आदळला, पण त्यानं हात सोडला नाही. बाभळीपाशी गहिनीनाथनं पाय रोवले. बैल दोनदा गोल फिरला आणि थांबला.

मालक आला तो शिव्या देतच. दानीएलनं त्या ऐकून घेतल्या. संध्याकाळी तो गहिनीनाथच्या मेव्हण्याला बघायला गेला. वैदूनं खांदा बसवला होता. मेव्हणा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

उरलेला वाख दुसऱ्या दिवशी जाळला. पुढचे कितीतरी बाजार लिंबाखाली फारसं कुणी फिरकलं नाही. जे कुणी येई ते दावं ओढून, हिसके देऊन बघायचं आणि ठेवून जायचं. त्यानंतर चांगुणानं हातात घेऊन पास केल्याशिवाय वाख चाकावर चढत नसे, मग दानीएल कितीही घाई करो. दिवाळीपर्यंत काही गिऱ्हाइकं परतली. काही आलीच नाहीत. गहिनीनाथ पौषात आला, दोन दावी घेऊन गेला.

पुढच्या वर्षी चांगुणा म्हणाली, "दादा, म्या तिसगावच्या बाजारात बसनार. माझं माझं."

दानीएलला राग आला. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं भीमाला घेऊन सुताराकडं जाऊन नवं चाक करायला टाकलं, जमिनीवर बसून फिरवता येईल इतकं बुटकं. न्यायला आलेल्या भावानं ते गाडीत चढवलं. चांगुणा हातांच्या जोरावर स्वतःच मागून चढली.