बोट ठेवलं ती ओळ

प्रेसिडेंटबाई कुणाच्याही घरात शिरल्या की डोक्यावरची हॅट न काढता थेट सिंकपाशी जात आणि भांडी घासायला लागत. ‘कशी आहेस’ वगैरे नंतर. “सिंक रिकामं झालं की बाई आपोआप बोलायला लागते,” असं त्यांचं म्हणणं.

जर्मनीत न्युरेम्बर्गजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या त्या पत्नी. नवरा वारला, त्या इथंच राहिल्या. तिकडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका क्लबची शाखा त्यांनी इथं काढली. तेव्हा इथली एकही हेअरड्रेसर त्यांच्या केसांना हात लावायला तयार नसे. त्यामुळे पहिली सभा एकमेकींचे केस विंचरतच झाली. वर्षातून एकदा ठेवणीतले झगे घालून नाच, आणि उरलेलं वर्ष आजारी, बाळंतीण, एकट्या पडलेल्या बायकांच्या घरी पाळीपाळीनं जाणं.

आमच्या मुलीच्या वेळी माझ्या बायकोच्या, शुभाच्या, आईला व्हिसा मिळाला नाही. मी दिवसभर कारखान्यात. वरच्या मजल्यावरून प्रेसिडेंटबाई सूपचं पातेलं घेऊन आल्या, मग रोज त्यांच्यातली कुणी ना कुणी. रिकामं भांडं परत कसं द्यायचं, म्हणून शुभानं त्यात बेसनाचे लाडू भरले. बाईंनी एक खाल्ला, बाकीचे परत केले. “आम्हाला नको. पुढची बाळंतीण शोध.”

शुभानं शोधली. आपल्या मराठी मंडळाची बाळंतिणीला डबा पोचवायची पद्धत तिथून सुरू झाली.

“अहो, दिवाळीला त्यांना बोलावू या,” शुभा म्हणाली. मी मंडळाचा सेक्रेटरी. समितीत विषय काढला तर एक गृहस्थ म्हणाले, “ग्रुप फोटोत कसं दिसेल ते?” सगळे हसले. मीही हसलो. बाईंना जाऊन सांगितलं, हॉल लहान आहे.

“अमेरिकेत हॉल केवढाले असायचे,” त्या म्हणाल्या, “आम्ही आलो की तेही लहान व्हायचे.”

पुढं त्याच गृहस्थांची सून बाळंत झाली, तेव्हा हॅट घालून त्यांच्या सिंकपाशी याच बाई उभ्या होत्या.

शुभा आता नाही. यंदाच्या स्मरणिकेत मंडळाचा इतिहास मी लिहिला, आणि डब्याची पद्धत ‘आपल्या संस्कारांतून’ आली असं लिहून मोकळा झालो. वर तो अंक घेऊन वृद्धाश्रमात बाईंना भेटायला गेलो. का गेलो, अजून कळत नाही. त्यांनी पानं उलटली. मराठी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती.

“यात आम्ही आहोत?”

“हो,” मी म्हणालो.

“कुठं? बोट ठेव.”

मी ठेवलं. त्यांनी ती ओळ पेननं अधोरेखित केली आणि नर्सला हाक मारून दाखवली.

महिन्याभरात त्या गेल्या. क्लबच्या बायका आता शाखेचा इतिहास जुळवतायत. ते पान त्यांनी जपून ठेवलंय, आणि उद्याच्या सभेत त्या ओळीचा अर्थ सांगायला मला बोलावलंय. सकाळपासून एका जागी बसवत नाही. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती नेहमीसारखी जर्मनमध्येच म्हणाली, “बाबा, काहीतरी छान सांगा ना. तिथं मराठी कुणाला येतं?”

खरंच, कुणालाच येत नाही.

त्या ओळीत माझं नाव आहे, आणि त्यापुढे ‘यांच्या प्रेरणेने’ असं छापलंय. उद्या मी तेच वाचणार आहे, आणि अर्थही तोच सांगणार आहे.